फादर आंजेलो सेक्की : देवालयाच्या माथ्यावरील वेधशाळा

रोम नगरीत संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या नावाने अर्पिलेले एक भव्य देवालय आहे. १६२६ साली त्याचा पाया घातला गेला आणि जवळजवळ पाव शतक त्याचे बांधकाम चालले. परंतु वेदीसमोरील चौकावर जो प्रचंड घुमट उभारावयाचा होता, तो काही उभा राहिला नाही. द्रव्याची चणचण हे त्याचे कारण सांगतात. शेजारच्या मठाच्या ग्रंथालयात अंधार पडेल म्हणून तेथील व्रतस्थांनी हरकत घेतली, अशीही एक आख्यायिका रोमचे लोक सांगतात. ती रंजक आहे एवढेच. अखेर १६८५ साली आंद्रेआ पोत्सो नावाच्या येशूसंघीय बंधूने एका सपाट कापडावर घुमटाचे असे काही चित्र रंगविले की, फरशीत बसविलेल्या संगमरवरी चकतीवर उभे राहून वर पाहणाऱ्याला खराखुरा घुमट उंच गेल्याचा भास व्हावा. बांधकामाचा नकाशा आणि वर्गणीची वही ह्यांचा मेळ न बसणे, हा अनुभव केवळ खेड्यापाड्यांतील देवालयांनाच येतो असे नाही, हे ह्यावरून दिसून येईल.

घुमट झाला नाही, तरी त्याचा भार पेलण्यासाठी रचलेले अवाढव्य खांब तेथे होतेच. दोनशे वर्षे ते जणू भारावाचून उभे राहिले. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका तरुण धर्मगुरूच्या ध्यानात आले की, इतका अचल पाया साऱ्या रोममध्ये दुसरा सापडावयाचा नाही. आणि दुर्बिणीस जर काही हवे असेल, तर ते अचल पायाच होय. रस्त्यातून गाडी गेल्याने जमीन किंचित हादरली, तरी आकाशातील तारा दुर्बिणीत थरथरू लागतो. त्या धर्मगुरूने देवालयाच्या छतावर, न झालेल्या घुमटाच्या जागी, आपली वेधशाळा बांधली. खाली मिस्साबली अर्पण होई आणि वर ताऱ्यांचे वेध घेतले जात. त्या धर्मगुरूचे नाव फादर आंजेलो सेक्की.

आंजेलो सेक्की ह्यांचा जन्म उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया ह्या गावी जून १८१८ मध्ये झाला. वडील जाकोमो अंतोनियो हे लाकूडकाम करणारे कारागीर होते. आई लुईसा ही मोठी व्यवहारदक्ष बाई. तिने मुलाला शिवणे व विणणे हीदेखील कामे शिकविली होती, असे सांगतात. पुढे ज्या हातांनी सूक्ष्मातिसूक्ष्म यंत्रे जुळविली, त्या हातांचे पहिले शिक्षण सुईदोऱ्यावर व रंध्यावर झाले, असे म्हणावयास हरकत नाही. गावातील येशूसंघीयांच्या शाळेत त्याचा अभ्यास झाला आणि नोव्हेंबर १८३३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, हा मुलगा रोमला येऊन येशूसंघात दाखल झाला.

रोममधील ज्या विद्यापीठात त्याचे पुढील शिक्षण झाले, ते रोमन कॉलेज संत इग्नेशियस ह्यांनी स्वतः १५५१ साली स्थापन केलेले. तेथेच फादर क्लाव्हियस ह्यांनी गणित शिकविले आणि ज्या पंचांगाप्रमाणे आज सारे जग तारखा मोजते, त्या १५८२ सालच्या पंचांगसुधारणेला हातभार लावला. गॅलिलिओ आपली दुर्बीण घेऊन १६११ साली रोमला आला, तेव्हा ह्याच कॉलेजातील गुरूंनी त्याचे वेध स्वतः पडताळून ते खरे असल्याचा निर्वाळा दिला व त्याचा सत्कार केला. त्याच रोममध्ये बावीस वर्षांनी, १६३३ साली, त्याच गॅलिलिओवर खटला होऊन त्याला शिक्षा झाली, ही गोष्टही झाकून ठेवण्याचे कारण नाही. रोममधील प्रत्येक ज्योतिर्विदाच्या माथ्यावर ह्या दोन्ही आठवणींचे ओझे असे. सेक्की ह्यांच्याही होते.

रोममध्ये फादर दे व्हिको ह्यांच्याकडे ज्योतिषाची आणि फादर पियांचानी ह्यांच्याकडे पदार्थविज्ञानाची गोडी त्यांना लागली. काही वर्षे लोरेतो येथे अध्यापन करून ते ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासासाठी रोमला परतले आणि सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे सरळ मार्गाने एक विद्वान प्राध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य गेले असते. पण तसे व्हावयाचे नव्हते.

१८४८ हे वर्ष युरोपात क्रांत्यांचे ठरले. वसंत ऋतूच्या आरंभी रोममध्येही खळबळ उडाली आणि येशूसंघीयांना नगर सोडून जाणे भाग पडले. दीक्षा मिळून वर्षही लोटले नव्हते, तोच सेक्की निर्वासित झाले. प्रथम इंग्लंडातील स्टोनीहर्स्ट कॉलेजने त्यांना आश्रय दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते समुद्र ओलांडून अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन विद्यापीठात पोहोचले. त्यांचे गुरू दे व्हिको हेही निर्वासितच होते; ते नोव्हेंबर १८४८ मध्ये लंडन येथे निवर्तले. रोमची वेधशाळा अशा रीतीने पोरकी झाली.

जॉर्जटाउनला विद्यापीठाची स्वतःची वेधशाळा होती. फादर जेम्स कर्ली ह्यांनी ती काही वर्षांपूर्वी उभी केली होती आणि तिच्या साह्याने वॉशिंग्टनचे रेखांश निश्चित केले होते. परक्या देशी, परक्या भाषेत शिकवीत असता सेक्की तेथे दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे वेधशाळेचा नित्याचा व्यवहार. दुसरी गोष्ट त्यांना अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेतील मॅथ्यू मॉरी ह्यांच्या सहवासात उमगली. मॉरी हे शेकडो जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वारे व सागरप्रवाह ह्यांचे नकाशे बनवीत असत. एकट्याने एकदा पाहिलेले थोडे, अनेकांनी रोज पाहून लिहून ठेवलेले पुष्कळ, हा धडा सेक्की ह्यांनी जन्मभर गिरविला. हद्दपारीचे हे दीड-दोन वर्षांचे फळ काही लहान नव्हे.

परिस्थिती निवळल्यावर ते रोमला परतले आणि वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. जुनी वेधशाळा एका मनोऱ्यात होती. मोठ्या यंत्रांना ती निरुपयोगी. तेव्हाच न झालेल्या घुमटाच्या खांबांची योजना पुढे आली. पोप महाशय नववे पायस ह्यांनी तिला साहाय्य केले आणि १८५२ पासून पुढील दोन-तीन वर्षांत छतावर वेधशाळेचे फिरते घुमट उभे राहिले. म्यूनिक येथील मेर्त्स ह्यांच्या कारखान्यात बनलेली मोठी दुर्बीण तेथे बसविण्यात आली. तिच्या भिंगाचा व्यास २४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेनऊ इंच होता. आजच्या मानाने ती लहानच, पण तिच्यातून जे दिसले ते लहान नव्हते.

वेधशाळा म्हणजे विद्वानांनी दारे लावून बसण्याची कोठडी, असे सेक्की ह्यांनी कधीच मानले नाही. रोमच्या नागरिकांशी तिचा रोजचा संबंध असे. संत इग्नेशियस देवालयाच्या माथ्यावरून दुपारी ठीक बारा वाजता एक मोठा चेंडू खाली सोडीत. तो पाहून सांत आंजेलो किल्ल्यावरील तोफ उडे आणि त्या आवाजासरशी साऱ्या नगरातील घड्याळे जुळविली जात. दिवसाची वेळ देवालयाच्या घंटेवरून जाणणाऱ्या लोकांना आता तीच वेळ ताऱ्यांच्या वेधावरून मिळू लागली. पोपच्या राज्यातील निरनिराळ्या गावांची हवामानाची वर्तमाने तारेने वेधशाळेत येत. अप्पियन मार्गावर, जेथे शंभर वर्षांपूर्वी फादर बॉस्कोव्हिच ह्यांनी भूमापनाची मूळ रेषा मोजली होती, तेथेच १८५४-५५ मध्ये सेक्की ह्यांनी ती पुन्हा अधिक काटेकोरपणे मोजली. देवालयांवर व सार्वजनिक इमारतींवर विजेपासून रक्षणासाठी तारा बसविणे, गावोगावी पिण्याचे पाणी आणण्यासाठी जमिनीची उंचसखलता मोजणे, अशी कामेही त्यांच्याकडे येत आणि ते ती करीत. शिवाय ज्योतिषावरील त्यांची व्याख्याने सामान्य श्रोत्यांसाठी असत.

१८ जुलै १८६० रोजी स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. खग्रास स्थितीत काळ्या चंद्रबिंबाच्या कडेभोवती लालसर ज्वाळा दिसतात, हे ज्योतिर्विदांना पूर्वीच ठाऊक होते. पण त्या सूर्याच्या, की चंद्राच्या, की केवळ दृष्टिभ्रम, हा वाद मिटत नव्हता. सेक्की समुद्रकाठी देसियेर्तो दे लास पाल्मास ह्या डोंगराळ जागी गेले. तेथे कार्मेल संघाचा मठ आहे. इंग्रज ज्योतिर्विद वॉरन दे ला रू ह्यांनी आपला तळ तेथून दूर, स्पेनच्या उत्तर भागात, रिव्हाबेयोसा येथे ठोकला. दोघांनीही ग्रहणाची छायाचित्रे घेतली. ती कला त्या वेळी नुकतीच बाल्यावस्थेतून बाहेर पडत होती. ग्रहणाच्या त्या दोन-तीन मिनिटांत हात चुकला, तर प्रवासाचा सारा खटाटोप व्यर्थ. पुढे दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा ज्वाळांचे आकार एकमेकांशी जुळले. एवढ्या अंतरावरील दोन ठिकाणांहून तेच आकार दिसावेत, ह्याचा अर्थ त्या ज्वाळा डोळ्यांत नव्हत्या, चंद्रावर नव्हत्या; त्या सूर्याच्याच होत्या. एक कॅथोलिक धर्मगुरू आणि एक इंग्रज गृहस्थ ह्यांच्या साक्षी एकत्र आल्या म्हणून हा वाद संपला.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्याकडे वळू. फ्रान्समधील तत्त्ववेत्ता ऑग्युस्त कोंत ह्याने १८३५ साली असे प्रतिपादन केले होते की, ताऱ्यांचे अंतर, आकार व गती मनुष्य मोजू शकेल, परंतु ते कोणत्या द्रव्यांचे बनलेले आहेत हे त्याला कदापि कळणार नाही. विधान तर्कशुद्ध वाटते. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, जिचा कण मुशीत घालता येत नाही, तिची परीक्षा कशी करावी? तथापि पंचवीस वर्षे होतात न होतात तोच जर्मनीत किर्खोफ व बुन्सेन ह्यांनी दाखवून दिले की, प्रकाश लोलकातून नेला असता इंद्रधनुष्यासारखा जो पट्टा पडतो, त्याला आपण वर्णपट म्हणतो, त्यातील बारीक रेषा म्हणजे निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या सह्याच होत. लोखंडाची सही निराळी, सोडियमची निराळी, हायड्रोजनची निराळी. प्रकाश आला की सही आली. वस्तू कितीही दूर असो.

१८६२-६३ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन रोमला आले आणि त्यांच्या सहवासात सेक्की ह्यांनी आपल्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून तारे पाहावयास आरंभ केला. इतर देशांतही काहींनी हा उद्योग चालविला होता. लंडनचे हगिन्स हे मोजके तारे घेऊन एकेका रेषेचा कसून शोध करीत. सेक्की ह्यांनी दुसरी वाट धरली. एका माणसाची पूर्ण ओळख करून घेण्यापेक्षा गावातील सर्वांची निदान जात-कुळी तरी जाणून घ्यावी, तसा त्यांचा बेत होता. मॉरींच्या संगतीचा हा परिणाम असावा, असे आम्हांस वाटते. रात्रीमागून रात्री ते छतावर जात, आणि पुढे तर त्यांनी दुर्बिणीच्या भिंगापुढेच एक मोठा लोलक बसविला, म्हणजे मंद ताऱ्यांचाही वर्णपट दिसावा. छायाचित्राची सोय नव्हती. डोळ्यांनी पाहावयाचे आणि हाताने काढावयाचे. अशा प्रकारे चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट त्यांनी तपासले.

त्यांतून जे निष्पन्न झाले, ते आश्चर्यकारक होते. आकाशात तारे अगणित, पण त्यांचे प्रकार मात्र मोजके. व्याध, अभिजित ह्यांसारखे शुभ्र-निळसर तारे एका वर्गात पडले. त्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या ठळक रेषा. ब्रह्महृदय, स्वाती, रोहिणी हे पिवळसर-नारिंगी तारे दुसऱ्या वर्गात. त्यांत धातूंच्या असंख्य बारीक रेषा, आणि आपला सूर्यही ह्याच वर्गातला. ज्येष्ठेसारखे तांबूस तारे तिसऱ्यात. त्यांच्या वर्णपटात रेषांऐवजी रुंद पट्टे, खांबांच्या रांगेवर एका बाजूने ऊन पडावे तसे दिसणारे. १८६८ साली त्यांनी चौथा वर्ग वेगळा काढला. हे तारे अतिशय लाल आणि बहुतेक मंद. त्यांचे पट्टे कर्बयुक्त पदार्थांच्या वर्णपटाशी जुळणारे. श्यामशबल तारकासमूहातील अशाच एका ताऱ्याचे सौंदर्य पाहून सेक्की इतके मोहून गेले की, त्याला त्यांनी इटालियन भाषेत मानिनी ह्या अर्थाचे नाव दिले. ला सुपेर्बा हे नाव आजही चालते. शर्मिष्ठा समूहातील एका ताऱ्यात १८६६ साली त्यांना काळ्या रेषांच्या जागी उजळ रेषा दिसल्या होत्या. अशा विलक्षण ताऱ्यांचा पाचवा वर्ग त्यांनी अगदी शेवटी जोडला.

ही विभागणी रंगांप्रमाणे असली, तरी तिच्या मुळाशी ताऱ्यांचे उष्णतामान आहे, हे पूर्णपणे उलगडावयास पुढची दोन पिढ्यांची मेहनत लागली. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या साह्याने सव्वादोन लाखांवर ताऱ्यांचे जे वर्गीकरण झाले व जे १९१८ ते १९२४ ह्या काळात छापले गेले, त्यापुढे सेक्की ह्यांचे चार वर्ग मागे पडले. पण पहिले दार त्यांनी उघडले. खाणीतील लोखंड आणि स्वातीमधील लोखंड एकच आहे, एकाच निर्मात्याच्या हातची एकच माती सगळीकडे वापरली आहे, हे त्यांनी नुसते मानले नाही, तर डोळ्यांनी पाहिले.

सूर्य तर त्यांचा नित्याचा सोबती होता. सूर्यावरील डाग ते रोज रेखाटीत. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या हिंदुस्थानातून दिसले. त्या वेळी दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांत गणल्या जाणाऱ्या जमखंडी येथे ले. जॉन हर्शेल ह्यांनी आणि पूर्वेकडे गुंटूर येथे यान्सेन ह्यांनी त्याचे वेध घेतले. सूर्याच्या ज्वाळा म्हणजे तप्त वायू होत, हे तेथे वर्णपटावरून कळले; आणि दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, भर उन्हात त्या ज्वाळांच्या रेषा पाहण्याची युक्ती यान्सेन ह्यांना साधली. इंग्लंडात लॉक्यर ह्यांनाही ती स्वतंत्रपणे सापडली. ही वार्ता कळताच सेक्की ह्यांनी रोममध्ये तिचा अवलंब केला. ज्या ज्वाळांसाठी आठ वर्षांपूर्वी स्पेनपर्यंत जावे लागले होते, त्या आता आपल्या देवालयाच्या छतावरून रोज पाहता येऊ लागल्या.

त्यांच्या इतर उद्योगांची नुसती यादी दिली, तरी पाने भरतील. हवेचा दाब, उष्णता, वारा, पाऊस हे सारे आपोआप कागदावर टिपून ठेवणारे एक मोठे यंत्र त्यांनी तयार केले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चंद्र, मंगळ, शनी ह्यांची चित्रे त्यांनी काढली. सातशेहून अधिक लेख लिहिले. इतके लिहिणाऱ्याच्या हातून सगळेच टिकाऊ उतरेल, असे नाही. सूर्याचा व्यास कमीजास्त होतो, असा जो निष्कर्ष त्यांच्या वेधशाळेतून निघाला, तो पुढे टिकला नाही; ईथरविषयी त्यांनी बांधलेली कल्पनाही इतरांच्या तशाच कल्पनांबरोबर लयास गेली. स्वभाव तापट व घाईचा असल्याने समव्यवसायी लोकांशी त्यांचे खटकेही उडत. संतचरित्रांत असले तपशील गाळण्याचा प्रघात आहे. हे संतचरित्र नव्हे, म्हणून ते येथे ठेवले आहेत.

एक प्रयोग मात्र विशेष सांगण्यासारखा आहे, कारण समुद्रकाठच्या वाचकांना त्याचे मर्म चटकन पटेल. एप्रिल १८६५ मध्ये पोपच्या नौदलाचे अधिकारी चाल्दी ह्यांच्या विनंतीवरून सेक्की इम्माकोलाता कोन्चेत्सियोने, म्हणजे निष्कलंक गर्भसंभव, ह्या नावाच्या जहाजावर गेले. पाणी किती स्वच्छ आहे, हे मापावयाचे कसे? त्यांनी पांढऱ्या व इतर रंगांच्या निरनिराळ्या आकारांच्या तबकड्या दोरीने समुद्रात सोडल्या आणि तबकडी कोठवर दिसते व कोठे दिसेनाशी होते, ते मोजून ठेवले. सूर्य किती उंचीवर आहे, आकाश ढगाळ आहे की निरभ्र, तबकडी सावलीत आहे की उन्हात, हे सारे नोंदले. इतकी साधी युक्ती की, कोणाही कोळ्याला सुचावी. सेक्की तबकडी ह्या नावाने ती आजही जगभर समुद्रांत व तलावांत सोडली जाते. भारी किमतीची यंत्रे निघाल्यावरही ती मागे पडलेली नाही.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या राजाच्या फौजा तट फोडून रोममध्ये शिरल्या आणि पोपचे राज्य संपले. पोप महाशय व्हॅटिकनमध्ये जणू बंदिवान होऊन राहिले. नव्या सरकारला येशूसंघीय नको होते. पण सेक्की हवे होते. सेक्की ह्यांचे नाव साऱ्या युरोपात गाजत होते आणि ते नाव नव्या राजधानीच्या विद्यापीठाला शोभा देणार होते. सरकारी विद्यापीठात ज्योतिषाचे अध्यासन त्यांना देऊ करण्यात आले. त्यासोबत राजनिष्ठेच्या शपथेचा प्रश्न आला.

सेक्की ह्यांच्यापुढचा पेच खरोखरच कठीण होता. ती शपथ घेतली, तर ज्या पोप महाशयांनी वेधशाळा बांधण्यास हात दिला, त्यांच्याकडे पाठ फिरविल्यासारखे होई. न घेतली, तर वेधशाळा हातची जाईल. आणि वेधशाळेबाहेर जाऊन वीस वर्षांचे काम पुढे चालविणे अशक्य. वयाची पन्नाशी उलटलेली. एका बाजूने त्यांचे स्वकीय त्यांच्याकडे संशयाने पाहत, कारण सरकारशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. दुसऱ्या बाजूने सरकारपक्षाची वृत्तपत्रे त्यांना पोपचा माणूस म्हणून हिणवीत. सेक्की ह्यांनी शपथ घेतली नाही. अध्यासन सोडून दिले. परंतु वेधशाळा सोडून ते गेलेही नाहीत. त्यांनी रोजचे काम रोज चालू ठेवले.

१८७३ साली रोममधील धर्मसंघांच्या मालमत्तेविषयी कायदा झाला. रोमन कॉलेजची इमारत सरकारजमा झाली. ज्या दालनांत तीन शतके येशूसंघीय शिकले व शिकविले, त्यांत सरकारी शाळा व राष्ट्रीय ग्रंथालय आले; कॉलेजच्या अध्यापकांनी दुसऱ्या वाड्यात बिऱ्हाड हलविले आणि ते विद्यापीठ ग्रेगोरियन विद्यापीठ ह्या नावाने पुढे चालू राहिले. छतावरील वेधशाळेला मात्र सरकारने हात लावला नाही. सेक्की जिवंत असेतोवर त्यांना तेथून हलवावयाचे नाही, असाच त्याचा अर्थ होता. कारण तसे केले असते, तर साऱ्या युरोपातील विद्वानांनी कलकलाट केला असता. खालचे घर गेले आणि माळा तेवढा राहिला, अशा स्थितीत ते अखेरची पाच वर्षे राहिले. मीटर ह्या मापाचे नवे प्रमाण ठरविण्यासाठी पॅरिस येथे १८७२ साली आंतरराष्ट्रीय मंडळ बसले, त्यात पोपचे राज्य उरले नसतानाही पोपचे प्रतिनिधी म्हणून ते जाऊन बसले होते.

ह्याच धामधुमीत त्यांनी केलेली आणखी एक गोष्ट आम्हांस त्यांच्या शास्त्रीय शोधांइतकीच मोठी वाटते. पालेर्मो येथील ज्योतिर्विद पिएत्रो ताक्किनी हे राज्यकर्त्यांच्या पदरी असलेले गृहस्थ. त्यांच्याशी हातमिळवणी करून सेक्की ह्यांनी १८७१ साली इटालियन वर्णपटशास्त्रज्ञांचा एक संघ स्थापिला. रोमहून एक व पालेर्मोहून एक असे दोघे सूर्याच्या त्याच कडेचे त्याच दिवशी वेध घेत आणि चित्रे ताडून पाहत. १८७२ पासून त्या संघाचे नियतकालिक निघू लागले. सूर्य व तारे ह्यांच्या भौतिक रचनेलाच वाहिलेले असे ते जगातील पहिले नियतकालिक मानतात. राजा आणि पोप ह्यांच्यात बोलणे नव्हते. त्यांच्या दोन प्रजाजनांत मात्र रोजचा पत्रव्यवहार होता.

ताक्किनी ह्यांच्याद्वारे ह्या कार्याचा एक धागा आपल्या देशापर्यंत पोहोचला. डिसेंबर १८७४ मध्ये शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण झाले, ते पाहण्यासाठी ताक्किनी बंगालमध्ये आले. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील बेल्जियन येशूसंघीय फादर लाफाँ त्यांना जाऊन मिळाले; आणि त्या भेटीतून पुढच्याच वर्षी त्या कॉलेजाच्या छतावर वेधशाळा उभी राहिली. आपल्या पुणे येथे सायन्स कॉलेजात १८८८ साली नायगमवाला ह्यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालू केली, तिचाही रोख सूर्याच्या व ताऱ्यांच्या वर्णपटाकडेच होता. १८९८ च्या जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी ते गेले, तेव्हा सेक्की ह्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

सेक्की ह्यांचा सूर्यावरील ग्रंथ १८७० साली फ्रेंच भाषेत पॅरिस येथे निघाला व ताऱ्यांवरील ग्रंथ त्यांच्या अखेरच्या दिवसांत प्रसिद्ध झाला. १८७७ मध्येच त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. पोटातील कर्करोगाचा तो आजार होता आणि त्यावर त्या काळी उपाय नव्हता. १८७८ सालच्या आरंभी रोमने सात आठवड्यांत तीन प्रेतयात्रा पाहिल्या: ९ जानेवारीस राजा व्हित्तोरियो एमान्युएले मरण पावला, ७ फेब्रुवारीस पोप नववे पायस परमेश्वराघरी गेले, आणि २६ फेब्रुवारीस फादर सेक्की ह्यांनी डोळे मिटले. त्या वेळी त्यांना साठावे वर्ष चालू होते.

त्यांच्या पश्चात वर्षभरातच, १८७९ मध्ये, सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. तिचे प्रमुखपद ताक्किनी ह्यांच्याकडे गेले, हे त्यातल्या त्यात बरे. ज्या माणसाने सेक्की ह्यांच्याबरोबर सूर्य पाहिला, त्याच्याच हाती ती दुर्बीण आली व सूर्याच्या नोंदी तुटल्या नाहीत. पोप महाशय तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली व्हॅटिकनच्या आवारात नवी वेधशाळा स्थापन केली आणि तिचे काम आजही चालू आहे. चंद्रावरील व मंगळावरील एकेका विवराला सेक्की ह्यांचे नाव आहे. २००६ साली अमेरिकेने सूर्याच्या निरीक्षणासाठी जी जुळी याने अवकाशात पाठविली, त्यांवरील दुर्बिणींच्या संचाला दिलेल्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून सेक्की असाच शब्द होतो, आणि तो योगायोगाने झालेला नाही. रोममध्ये पिंचो टेकडीवरील उद्यानात त्यांचा अर्धपुतळा आहे. दुपारच्या बाराची तोफ १९०४ पासून जानिकुलम टेकडीवर हलविली गेली. ती रोज त्याच वेळी उडते.